देवळालीचा ताप

मार्च सरत आला की मुंबई बंदरातून गोऱ्या शिपायांना मायदेशी नेणारी जहाजं थांबत. पुढचं जहाज ऑक्टोबरात. ज्याच्या नोकरीची मुदत फेब्रुवारीत संपली तो सुटला. ज्याची एप्रिलात संपली, त्याच्यापुढे अख्खा उन्हाळा आणि अख्खा पावसाळा उभा राही. अशा माणसाला पलटणीतून काढून नाशिकजवळच्या देवळालीला पाठवून देत. कसारा घाट चढून, इगतपुरी मागे टाकून गाडी तिथे पोचली की शिपायाच्या अंगावर मोकळी, कोरडी हवा येई आणि पुढे करायला काही म्हणजे काहीच नसे.

देवळालीची छावणी 1861 सालची. देशभरातल्या पलटणींतून आलेले, एकमेकांना न ओळखणारे शिपाई इथे जहाजाची वाट पाहत. फ्रँक रिचर्ड्स हा साधा शिपाई विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थानात आणि ब्रह्मदेशात होता. ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या 1936 सालच्या पुस्तकात त्याने या छावणीबद्दल लिहून ठेवलं आहे. मुदत संपलेल्यांजवळ ना शस्त्र, ना साज. अधूनमधून सामानाची तपासणी, कधी तरी लांबवर चालत नेणं, की संपला दिवस. वर्षानुवर्षं नेकीनं नोकरी केलेली माणसं इथे येऊन बिघडत, मारामाऱ्या करत आणि घरी जाण्याआधी तुरुंगात जात. कुणी विचित्र वागू लागला की बाकीचे म्हणत, याला ‘डूलॅली टॅप’ झालाय. ही म्हण त्या छावणीतल्या कंटाळ्यातूनच निघाली असावी, असं रिचर्ड्सला वाटतं.

‘डूलॅली’ म्हणजे देवळाली. ‘ळ’ हा ध्वनी इंग्रज जिभेला नाहीच. तिने तो गिळला आणि उरलेलं नाव जमेल तसं जुळवलं. ‘टॅप’ म्हणजे नळ नव्हे, टिचकीही नव्हे. तो आपला ताप. फारसीतून उर्दूत आलेला ‘तप’ आणि संस्कृतातला ‘ताप’ यांचं नातं जुनं आहे आणि बराकीत तो शब्द हिवतापासाठी रोजच कानावर पडत असणार. मराठी माणूस आजही वैतागला की डोक्याला ताप झाल्याचं सांगतो. देवळालीतल्या त्या टॉमीला, म्हणजे गोऱ्या शिपायाला, झालं होतं ते अक्षरशः हेच.

एडवर्ड फ्रेझर आणि जॉन गिबन्स यांनी 1925 साली सैनिकांच्या आणि खलाशांच्या बोलीचा कोश काढला, त्यात हा शब्दप्रयोग नोंदला गेला. पुढे ‘टॅप’ गळून पडला. एकटा ‘डूलॅली’ छावणीबाहेर पडून इंग्लंडच्या स्वयंपाकघरांत आणि कचेऱ्यांत शिरला. घरच्या किल्ल्या फ्रीजमध्ये ठेवून गावभर शोधणाऱ्या माणसाला लेक प्रेमाने म्हणते, बाबा, तुम्ही डूलॅली झालात. तिच्या त्या एका शब्दात नाशिक रोडच्या शेजारचं एक स्टेशन आहे, हे तिला ठाऊक असण्याचं कारण नाही.

देवळालीत वेड्यांचं इस्पितळ होतं म्हणून हा शब्द आला, असंही पुष्कळदा सांगितलं जातं. त्यात त्या गावावर अन्याय आहे. मुंबईची माणसं पिढ्यानपिढ्या देवळालीला गेली ती तब्येत सुधारायला. पारशी-गुजराती कुटुंबांची आरोग्यधामं, लॅम रोडवरचे बंगले, सकाळची थंडी, दारणेकाठची शेतं ही त्या गावाची खरी ओळख. गावाने कुणाला वेड लावलं नाही. घरची ओढ आणि न येणारं जहाज यांनी लावलं, आणि नाव मात्र चिकटलं गावाला.

दुसऱ्या महायुद्धातही इथे इंग्रज सैनिक होते. त्यांतला जिमी पेरी तोफखान्याच्या डेपोत सैनिकांसाठी नाच-गाण्यांचे कार्यक्रम करी. पुढे त्याने डेव्हिड क्रॉफ्टबरोबर ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ ही मालिका लिहिली. बीबीसीने ती 1974 ते 1981 दाखवली आणि तिची सुरुवातीची कथा देवळालीतच घडते. छावणीत अडकलेल्या माणसांनी वेळ घालवायला केलेली सोंगं अशी तीस वर्षांनी इंग्लंडच्या दिवाणखान्यांत पोचली.

पण डूलॅली एकटा गेला नाही. टॉमीचा हिंदुस्थानशी रोजचा संबंध कुणाशी? भिस्तीशी, धोब्याशी, न्हाव्याशी, चहावाल्याशी. त्यामुळे त्याने उचललेले शब्द ग्रंथातले नाहीत, हाकेतले आहेत. ‘देखो’चा झाला ‘डेको’. नजर टाकणं म्हणजे डेको घेणं. ‘जल्दी’चा ‘जिल्दी’. ‘रोटी’ची ‘रूटी’, आणि प्रदीर्घ सेवेचं पदक म्हणजे ‘रूटी गाँग’, कारण भाकरीच्या शिध्यासारखं तेही दिवस भरले की मिळायचंच. ‘चिठ्ठी’ची ‘चिट’ झाली आणि सायबाच्या कचेरीतून परत आपल्याच शाळांत येऊन बसली. ‘खुश’ या शब्दातून ‘कुशी’ म्हणजे आरामाचं काम. ‘पक्का’ तर अजून ताजा आहे. जेमी ऑलिव्हर या स्वयंपाक्याने 1999 पासून टीव्हीवर रस्सा ढवळताना तो इतक्यांदा उच्चारला की इंग्लंडच्या तरुण पिढीला तो शब्द त्याचाच वाटला असेल.

यांतला सगळ्यांत लोभस शब्द ‘बॉबरी’. अर्थ आरडाओरडा, गलका. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा 1886 सालचा कोश सांगतो की तो ‘बाप रे!’पासून आला. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून निघालेली हाक कानांनी टिपली आणि तिचं नाम केलं. त्या कोशाचं नावही तसंच आहे. मोहरमच्या मिरवणुकीत छाती पिटत म्हटलेल्या ‘या हसन, या हुसेन’चं गोऱ्या शिपायांनी केलेलं रूप म्हणजे हॉब्सन-जॉब्सन. शोकाच्या आक्रोशाचा असा चुरा व्हावा हे वाचताना खटकतं; तरी यूलने त्या शब्दामागची गोष्ट नीट नोंदवली, म्हणूनच आज मूळ आवाज पुन्हा ऐकता येतो.

साहेबलोकांनी एकमेकांनाही नावं ठेवली होती. बंगालातला तो ‘क्वाय-हाय’, कारण नोकराला बोलवायला तो ‘कोई है?’ ओरडे. मद्रासचा ‘मल’, मुलिगाटॉनी सुपावरून. आणि मुंबई इलाख्यातला ‘डक’. हे बदक पाण्यावर तरंगणारं नाही. इंग्रज ज्याला बाँबे डक म्हणत तो आपला बोंबील, सुकत घातलेला, दोरीवर ओळीने टांगलेला. एका प्रचंड इलाख्याचा कारभार हाकणाऱ्या अधिकाऱ्यांना सुक्या बोंबलाचं नाव मिळावं, यात कोळीवाड्याचा विजय आहे!

डूलॅलीचा खरा सोबती मात्र ‘ब्लायटी’. विलायत हा मूळ अरबी शब्द, अर्थ प्रांत किंवा राज्य. हिंदुस्थानात येता येता ‘विलायती’ म्हणजे परदेशी, लांबून आलेलं, असा अर्थ रुळला. आपली विलायती चिंच मुळात अमेरिका खंडातली, तरी विलायतीच. उत्तरेकडचा ‘बिलायती’ हा उच्चार टॉमीच्या कानावर पडला आणि त्याचा ब्लायटी झाला. ज्या शब्दाने इथले लोक त्याला परका म्हणत, तोच त्याने आपल्या घरासाठी घेतला. देवळालीत तो ब्लायटीचीच वाट पाहत होता.

1914 मध्ये युद्ध पेटलं आणि हिंदुस्थानात राहून आलेले जुने शिपाई हा शब्द फ्रान्सच्या खंदकांत घेऊन गेले. तिथे तो कोवळ्या पोरांनीही उचलला. ‘ब्लायटी मिळाली’ म्हणजे जीव जाणार नाही पण घरी धाडावं लागेल अशी जखम झाली. माणसं अशा जखमेची मनोमन इच्छा धरत. फ्रँक रिचर्ड्स 1914 पासून शेवटपर्यंत पश्चिम आघाडीवर होता. त्याला शौर्यपदकं मिळाली, ब्लायटी मिळाली नाही.

त्याच आघाडीवर हिंदी शिपाईही होते. खडकीच्या बाँबे सॅपर्सच्या दोन कंपन्या 28 ऑक्टोबर 1914 रोजी न्यूव्ह शापेलला शत्रूवर चालून गेल्या. हिंदी जखमींपैकी पुष्कळांना समुद्र ओलांडून इंग्लंडला नेलं आणि ब्रायटनच्या राजवाड्यात ठेवलं. बाहेरून हिंदुस्थानी घुमट, आत खाटांच्या रांगा, निरनिराळ्या धर्मांसाठी निराळी स्वयंपाकघरं. गोऱ्या टॉमीने जिच्यासाठी जखम मागितली ती ब्लायटी हीच. खाटेवर पडलेल्या या जवानांसाठी ती अजून विलायतच होती, आणि घरी नेणारं जहाज कधी सुटेल याची वाट आता ते पाहत होते.