पायरीगणिक शांतता

मुंबईच्या राजाबाई टॉवरचा आराखडा ज्याने काढला, तो सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधी आलाच नाही. विलायतेत बसून त्याने विद्यापीठाचे ग्रंथालय आणि त्याचा मनोरा कागदावर उतरवला. प्रेमचंद रायचंदांनी पैसा दिला आणि १८७८ मध्ये काम पुरे झाले. ह्याच स्कॉटची दुसरी विद्यापीठ-इमारत स्कॉटलंडात, ग्लासगो शहरी टेकडीवर उभी आहे. ग्लासगो विद्यापीठ १८७० मध्ये तिथे राहायला गेले. त्याच टोकदार कमानी, तोच आकाशात घुसणारा मनोरा! फोर्टात वावरलेल्या मुंबईकराला परमुलखात गाववाला भेटल्यासारखे वाटते.

पण ग्लासगोत आजच्या विद्यार्थ्याचे ग्रंथालय पाहायचे, तर टेकडी उतरून शहराच्या मध्यभागी यावे. इथले ग्लासगो कॅलेडोनियन विद्यापीठ १९९३ मध्ये स्थापन झाले. म्हणजे शेजाऱ्याच्या मानाने अगदी कालचे पोर. 'सर्वांच्या हितासाठी' अशा अर्थाचे त्याचे बोधवाक्य आहे. ह्याच आवारात २००६ मध्ये 'सॉल्टायर सेंटर' उघडले. सॉल्टायर म्हणजे स्कॉटलंडच्या निळ्या निशाणावरचा पांढरा तिरका क्रूस. नाव असे अभिमानाचे. पण आतला थाट मात्र एखाद्या गजबजलेल्या चौकाचा!

ग्रंथालय म्हटले की 'शांतता राखा' ही पाटी आणि चष्म्यावरून रोखून पाहणारे ग्रंथपाल आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. इथे तळमजल्यावरच उपाहारगृह. कॉफीचे पेले, गप्पा, एकाच पडद्यावर डोकी घालून चाललेले वादविवाद. हे धाडस एकाएकी झाले नाही. २००१ मध्ये विद्यापीठाने खाणे, बोलणे आणि संगणक एका ठिकाणी आणून अभ्यासाचा एक 'कॅफे' आधीच चालवून पाहिला होता. मग नव्या इमारतीत शांततेची वाटणी मजल्यांनुसार केली. जिना चढत जावे तसतसा आवाज कमी होत जातो आणि सर्वांत वर पोहोचावे तो टाचणी पडली तरी ऐकू यावी! देवळात सभामंडपापासून गाभाऱ्याकडे जाताना माणूस आपोआप हळू बोलू लागतो, तशातला हा प्रकार. दटावण्याचे काम पाटीऐवजी जिन्यावर सोपवले आहे.

दुसरी गंमत सामानाची. टेबलखुर्च्या जमिनीला खिळलेल्या नाहीत. चौघांना एकत्र बसायचे असेल तर ओढा आणि बसा. सुरुवातीला तर हवा भरून फुगवलेले इग्लू तिथे मांडले होते. भिंत न बांधता खोली तयार, आणि नको झाली की हवा सोडून मोकळे!

हा खटाटोप कशासाठी? कारण विद्यार्थ्याच्या पिशवीत बदल झाला. पूर्वी संगणक विद्यापीठाच्या मालकीचा, म्हणून तो ठेवील तिथे विद्यार्थ्याने जायचे. त्यासाठी ओळीने टेबले ठोकलेल्या आणि तारांनी जखडलेल्या खोल्या असत. मग संगणक मांडीवर आला, वह्यापुस्तकांबरोबर पिशवीत शिरला. आता विद्यार्थ्याला ग्रंथालयाकडून यंत्र नको; त्याला हवे पुस्तक आणि यंत्र शेजारी मावतील एवढे रुंद टेबल, हाताशी प्लग पॉइंट, तारेवाचून चालणारे जाळे आणि सोबत्याशी बोलण्याची मुभा.

शिवाय यंत्रांचा स्वभाव उतावळा. सॉल्टायर सेंटर उघडले त्याच्या पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, आयफोन आला. २०१० मध्ये आयपॅड आला. इमारतीचा नकाशा काढणाऱ्यांनी ह्यांतले काही पाहिलेले नव्हते. पण जिथे सामान सुटे असते, तिथे नव्या पाहुण्यासाठी फक्त खुर्च्या सरकवाव्या लागतात. जिथे सगळे सिमेंटात पक्के केलेले असते, तिथे छिन्नी-हातोडा घ्यावा लागतो. पुढे काय येणार हे ठाऊक नाही, एवढे मान्य करून बांधलेली इमारत जास्त दिवस उपयोगी पडते. एरवी वास्तुशिल्पी अमरत्वाच्या मागे असतो. इथे त्याने थोडे अपुरे ठेवण्यात शहाणपण मानले.

ह्यात हरवते तेही मोठे आहे. गप्पांसाठी वाढवलेली जागा कुठून तरी काढावी लागते, आणि बहुधा ती पुस्तकांच्या कपाटांतून निघते. एक पुस्तक शोधताना शेजारचे दुसरेच हाती लागावे आणि त्यानेच आयुष्याला वळण द्यावे, हे भाग्य पडद्यावर सहसा लाभत नाही. म्हणून वरचा शांत मजला राखणे ही चैन नव्हे. तळमजल्याच्या गलबल्याला तो उतारा आहे.

आपल्याकडे हा प्रश्न आणखी जिव्हाळ्याचा. वरळीत 'अभ्यास गल्ली' नावाचा रस्ता आहे. घरी एका खोलीत सारे कुटुंब, म्हणून चाळींतली मुले तिथे रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून परीक्षांचा अभ्यास करीत आली. त्या मुलांना ग्रंथालयाकडून पहिल्याने हवी होती ती जागा, ग्रंथ त्यानंतर. आज त्याच वयाच्या मुलाच्या हातात मोबाइल आहे, व्याख्यानही त्यावर आणि पुस्तकही त्यावर. पण दिव्याच्या खांबाला प्लग नसतो, आणि बॅटरी संपली की त्याचा अभ्यासही थांबतो.

इग्लू आपल्याला परवडोत न परवडोत. पण गावोगावच्या अभ्यासिकांत प्रत्येक बाकाशी एक प्लग, हलवता येतील अशी चार टेबले, तोंडी उजळणीसाठी दार लावता येणारी एक खोली आणि वरच्या मजल्यावर निखळ शांतता, एवढे करायला ग्लासगोचा खजिना लागत नाही. नवी अभ्यासिका बांधताना उद्घाटनाच्या संगमरवरी पाटीआधी कंत्राटदाराला एवढेच विचारावे: प्लग किती, आणि टेबले सुटी आहेत ना?