मोठ्या गिऱ्हाइकाचा हिशेब

शिरोली एमआयडीसीत कुणाला धंदा कसा चाललाय विचारलं, की माणूस आधी आपलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कोण ते सांगतो. आमचंही तसंच. फौंड्रीतून कास्टिंग घ्यायचं, सीएनसीवर टर्निंग, व्हीएमसीवर ड्रिलिंग-टॅपिंग करून पाठवायचं, एवढंच आमचं काम. निम्मा माल एकाच कंपनीला जायचा आणि दादा तिचं नाव देवाचं घ्यावं तसं घ्यायचा.

ऑफिस मी सांभाळते. टॅली होतं, पण जीएसटी भरण्यापुरतं. नफा-तोटा पत्रक वर्षातून एकदा सीए पाठवणार, तेही बँकेला द्यायला. २०२३च्या पावसाळ्यात आमची बँकेची कॅश क्रेडिट, म्हणजे सीसी, लिमिटला टेकली. मशीन रात्रपाळीला चालू, ऑर्डरी भरपूर, आणि फौंड्रीवाल्याला चेक द्यायचा तर मी आजचं उद्यावर ढकलत होते. त्यात बँक नव्वद दिवसांवरची येणी ड्रॉइंग पॉवरमध्ये, म्हणजे सीसीतून उचलता येणाऱ्या रकमेत, धरत नाही. स्टॉक स्टेटमेंट भरताना जी बिलं दर महिन्याला गळायची, ती सगळी त्या एकाच कंपनीची.

मग टॅलीतून येण्यांची यादी बिलाच्या वयाप्रमाणे काढली आणि एकेका पार्टीचा नफा वेगळा मांडला. कंपनीचं महिन्याचं बिल ४ लाखांचं, १८ टक्के जीएसटी धरून ४,७२,०००. माल, मजुरी, वीज, टूल्स जाऊन व्याजाआधी उरायचे २४ हजार. पैसे यायचे चार महिन्यांनी. तेवढी रक्कम तेवढे दिवस अडकली, की सीसीच्या ११ टक्क्यांनी व्याज होतं सुमारे १७ हजार. राहिले सात. शिवाय इनपुट वजा जाता उरलेला जीएसटी आम्ही पुढच्या महिन्याच्या २० तारखेला पदरचा भरायचा. कंपनी मात्र पैसे देण्याआधीच बिलातल्या जीएसटीचं क्रेडिट घेऊन मोकळी, आणि १८० दिवसांत पैसे दिले की तिचं ते क्रेडिट शाबूत.

पंपाचे सुटे भाग नेणारी दोन छोटी गिऱ्हाइकं महिन्याभरात पैसे देत. त्यांचा माल आम्ही कायम मागे ठेवायचो.

दादाने कागद दोनदा पाहिला. "अगं, पण ते गेलं तर मशीन रिकामं राहील की."

"आत्ता भरलेलं मशीन बँकेसाठीच चाललंय, दादा."

लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत आणि उशीर झाल्यास बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावं, हे २००६च्या कायद्यातच आहे. पण तक्रार केली की ऑर्डर बंद, हे घेणाऱ्याला आणि देणाऱ्यालाही ठाऊक. फरक पडला तो प्राप्तिकराच्या ४३बी(एच) कलमाने. मुदत उलटून ३१ मार्चपर्यंतही पैसे दिले नाहीत, तर ती खरेदी त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. याची झळ कंपन्यांना पहिल्यांदा मार्च २०२४मध्ये बसणार होती. फेब्रुवारीतच मी दोन दर लिहिलेला कागद घेऊन त्या कंपनीच्या परचेसला गेले: ४५ दिवसांना चालू दर, चार महिन्यांना साडेचार टक्के जास्त.

साहेबांनी दर बघितलाच नाही. "मॅडम, तुमची उद्यम नोंदणी आहे का?" आहे म्हटल्यावर, ती नसती तर बरं झालं असतं, असंही बोलून दाखवलं. नोंदणी असलेल्यालाच हे संरक्षण मिळतं, हे त्यांना माझ्याइतकंच पाठ होतं.

निम्मे पार्ट त्यांनी दुसरीकडे हलवले. उरलेले ४५ दिवसांवर राहिले, आणि पैसे येतात. एखाद्या महिन्यात आठवडाभर इकडेतिकडे. मोकळ्या झालेल्या पाळीत पंपवाल्यांचं काम वाढवलं. लॉट छोटे, त्यामुळे सेटिंगला वेळ जातो. तो दरात धरायला लागले तेव्हा एकाने कुरकुर केली, पण दिला. त्या वर्षी उलाढाल घटली. उद्योजकांच्या बैठकीत दादा तो आकडा अजून सांगत नाही. सीसीत मात्र आता जागा असते आणि फौंड्रीवाल्याला रोखीवर दोन टक्के सूट मागता येते.

पंपवाल्यांपैकी एक हल्ली साठ दिवसांवर सरकलाय. त्याची पुढची ऑर्डर लावण्याआधी सोमवारी फोन करायचाय.