आबा, जरा मागे बसा!

वाचकहो, धुळ्याहून पारोळा, एरंडोल करीत जळगावला जाताना कपाशीने भरलेली एखादी बैलगाडी दिसली, तर गाडीवान कुठे बसला आहे ते पाहा. ओझे मागे जास्त झाले की गाडी उलाळ होते, जू वर उचलते, बैलांचे गळे आवळतात. मग तो पुढे सरकतो. ओझे जुवावर आले तर मागे. हे तुम्हाला मी काय सांगावे! पण विमानालाही हाच हिशेब लागतो.

जळगावचा विमानतळ कुसुंब्याजवळ आहे. डिसेंबर २०१७ मध्ये इथून मुंबईला विमान सुरू झाले, ते १८-१९ आसनांचे बीचक्राफ्ट. मधल्या वाटेच्या दोन्ही अंगांना एकेकच खुर्ची. ती सेवा बंद पडली आणि पुढे सत्तरेक आसनांची एटीआर विमाने आली. यांत माणसे शेपटाकडच्या दाराने चढतात. तेव्हा नाक उचलू नये म्हणून शेपटाखाली टेकू लावतात, सोडलेल्या गाडीला लावावा तसा.

आमचे आबा अशाच एका विमानात बसले. माणसे जेमतेम दहा-बारा. पुढची खिडकी रिकामी पाहून आबा तिथे टेकले, तर हवाईसुंदरीने त्यांना उठवून मागे बसवले. "धोतर पाहून मागं धाडलं," असे ते महिनाभर सांगत होते.

धोतराचा काही संबंध नव्हता. भरल्या विमानात वजन सगळीकडे पसरते. रिकाम्यात मोजकी माणसे कुठे बसली यावर तोल हलतो. म्हणून माणसे, सामान, इंधन यांचा तक्ता उड्डाणाआधीच मांडतात. लहान विमानात कधी वाळूच्या गोण्याही ठेवतात. नाक जड झाले तर विमान धावपट्टी लवकर सोडत नाही. शेपूट जड झाले तर जास्त वाईट : नाक वर जाते, वेग मरतो, पंखांना हवेचा आधार उरत नाही. अमेरिकेत शार्लट येथे जानेवारी २००३ मध्ये बीचक्राफ्टच्याच विमानाला हे भोवले. २१ जण गेले. दुरुस्तीत एका दोराची जुळणी चुकली होती, आणि त्यात शेपूट जड होते.

धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीवर वैमानिकी शिकणाऱ्या पोरांना ही बेरीज आधी करावी लागते, इंजिन नंतर.

तेव्हा तिकिटावरची जागा सोडू नका. विमान वर गेल्यावर विचारले तर बहुधा बदलूनही देतात. उतरताना मात्र पुन्हा आपल्या जागी. कारण न सांगता म्हाताऱ्या माणसाला उठवणे हे मलाही पटलेले नाही.

आबांना हे सारे सांगितले. ते म्हणाले, "मग तसं सांगायचं की पोरीनं, जुवावर ओझं आलंय म्हणून!"