फायबरचं ठिगळ

कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मुलीने मराठी विभागात लिहायचं म्हणजे मॅगझिनच्या एडिटरला शुद्धलेखनाचा ओव्हरटाइम! तरीही लिहितेय, कारण जे सांगायचंय ते मी मराठीतच केलं. खरं तर मालवणीत. रेझिन, मॅट, हार्डनर, ग्राइंडर हे शब्द इंग्रजी आहेत असं मालवणच्या किनाऱ्यावर कुणालाही वाटत नाही, त्यामुळे मलाही आता वाटत नाही.

माझ्या मामाची फायबरची होडी आहे, आउटबोर्ड इंजिनवाली. मे अखेरीस पावसाळ्यासाठी ती वर ओढताना पुढच्या बाजूला खडक लागला. साधारण 5 सेंटिमीटरचं भोक पडलं आणि भोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, म्हणजे दोन महिने हातात. पण त्याच दोन महिन्यांत सगळ्यांनाच होड्या दुरुस्त करून हव्या असतात आणि फायबरचं काम करणारा कारागीर जवळपास एकच. तो म्हणाला, दहा ऑगस्टनंतर बघू. मामाच्या हिशेबात बंदी उठल्यानंतरचे पहिले दिवस म्हणजे पावसाळ्यातली उधारी फेडायचे दिवस. मी जुलैमध्ये सुट्टीला तिथेच होते, मेकॅनिकल, सेकंड इयर संपलेली. मामीने निकाल देऊन टाकला, "बाय इंजिनेर आसा मां? ती करतली." झालं!

आता आपल्या सिलॅबसमध्ये कंपोझिट मटेरियल्स म्हणून एक चॅप्टर असतो. त्यात काच ताण सोसते, रेझिन तिला धरून ठेवते, एवढं कळतं. पण भोक पडलं तर काय करायचं, हे काही त्यात नसतं. आणि सगळ्यांना सुचतो तोच उपाय नेमका चुकीचा: भोकात पुट्टी भरायची, वरून घासायचं, रंग मारायचा. दिसायला एकदम झकास. पहिल्या चार लाटांत ते बूच बाहेर येतं, कारण पुट्टीच्या आत लांब तंतू नाहीत आणि बूच धरून ठेवायला आहे काय, तर भोकाची 6 मिलिमीटरची कड.

खरं काम उलट दिशेने सुरू होतं. भोक मोठं करायचं!

आधी नाण्याने आजूबाजूला ठोकून बघायचं. चांगल्या फायबरवर 'टण' असा आवाज येतो, आतले थर सुटले असतील तिथे 'भद्द'. भद्द आवाजाचा सगळा भाग पेन्सिलीने आखायचा आणि कापून टाकायचा. आमच्या नशिबाने भद्द भाग भोकाच्या कडेपुरताच होता. मग गोड्या पाण्याने मीठ धुवायचं, वाळल्यावर असिटोनने पुसायचं, आणि नंतरच ग्राइंडर. आधी घासलंत तर तेल आणि मीठ आतच रगडलं जातं.

आता उतार. फायबर जेवढं जाड, त्याच्या बारापट लांबीचा उतार भोकाच्या चारी बाजूंनी काढायचा. जाडी 6 मिमी म्हणजे उतार 72 मिमी. दोन्ही बाजू धरून 5 सेंटिमीटरचं भोक वरच्या अंगाला झालं साडेएकोणीस सेंटिमीटरचं! मी ग्राइंडर लावला तेव्हा मामा कळवळून म्हणाला, "गो, भोक आधीच पडलाहा. तू आणखी मोठा कित्याक करतस?"

मित्रमैत्रिणींनो, या प्रश्नाचं उत्तर आपल्या स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये आहे. जुनं पॉलिएस्टर पूर्ण घट्ट झालेलं असतं, नवं रेझिन त्याच्याशी रासायनिक नातं फारसं जोडत नाही, नुसतं खरखरीत पृष्ठभागाला धरून राहतं. मॅटचं लॅमिनेट ढोबळमानाने 100 मेगापास्कलच्या आसपास ताण सोसतं. हा चिकट सांधा सरकायच्या बाजूने त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. म्हणजे सांध्याची लांबी जाडीच्या निदान दहापट हवी. थोडी सुरक्षितता धरली की बारा. मामाला मी हे सांगितलं नाही. त्याला म्हटलं, "मामा, फाटलेल्या गोधडीला ठिगळ लावताना मामी भोकाएवढाच तुकडा घेते काय?" ते त्याला लगेच पटलं.

जुलैतलं कोकण आणि पॉलिएस्टर यांचं अजिबात पटत नाही. ओल्या फायबरवर रेझिन धरत नाही. होडी चुडतांनी शाकारलेल्या खोपीत होती, तिथे 200 वॅटचा बल्ब लावून आम्ही चार दिवस नुसते बसलो. रोज रात्री प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवायचा, सकाळी त्याच्या आत दव दिसलं की काम बंद. पाचव्या सकाळी प्लॅस्टिक कोरडं निघालं.

मिश्रणाबद्दल मात्र गंमत नको. आपल्याकडे रेझिनबरोबर बरेचदा दोन बाटल्या मिळतात, कोबाल्ट आणि हार्डनर. या दोन बाटल्या एकमेकींत कधीही थेट मिसळायच्या नाहीत, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा आणि मगच हार्डनर. दुकानदाराने कोबाल्ट आधीच घातलेला असेल तर परत घालायचा नाही, म्हणून विचारून घ्यायचं. हार्डनर डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते. गॉगल फॅशनसाठी नाही. आणि काचेचा भुगा अंगाला लागला की जी खाज सुटते, तिच्यापुढे हॉस्टेलचे ढेकूण म्हणजे देवमाणसं. पूर्ण बाह्यांचा शर्ट, मास्क, आणि थंड पाण्याने आंघोळ.

आमच्या ठिगळाला 450 ग्रॅमवाल्या मॅटचे सहा थर लागले, एक थर साधारण 1 मिमीचा. हिशेबाने काच भरली 35 ग्रॅम, रेझिन 80. वाया जाणारं धरून 100 ग्रॅम. हार्डनर दीड टक्का, म्हणजे जेमतेम दीड ग्रॅम, सिरिंजने मोजलेला. आतून पॉलिथिन गुंडाळलेला पुठ्ठा टेकू म्हणून लावला. सगळ्यात मोठा तुकडा आधी, मग लहान होत जाणारे. (यावर लोक तावातावाने भांडतात. मोठा आधी लावला की तो अख्ख्या उताराला चिकटतो, आणि वरून घासताना तो कापला जात नाही, म्हणून मी त्या पार्टीत.) ब्रशने थापत हवेचे बुडबुडे काढायचे, मॅट पांढरी दिसेनाशी झाली की रेझिन आत गेलं. तीन थर झाले की थांबायचं, कारण घट्ट होताना रेझिन तापतं. आणि ते अजून चिकट असतानाच पुढचे तीन. सगळं रेझिन एकदम कालवलंत तर पंधरा-वीस मिनिटांत मगात दगड.

वरचा जेलकोट हवेत पूर्ण सुकत नाही, ऑक्सिजन त्याला अडवतो. त्यावर पारदर्शक शीट दाबून ठेवायची. आपल्या डिपार्टमेंटच्या कपाटांत पडून असलेल्या ओएचपी शीट्सना मोक्ष मिळायचा असेल तर असा! बारीक चिरा असतील तिथे व्ही आकाराची खाच पाडून फक्त जेलकोट भरला तरी पुरतो.

एवढं सगळं झालं आणि रात्री झोप येईना. हॉस्टेलमध्ये सबमिशन चुकलं तर मार्क जातात. इथे त्या साडेएकोणीस सेंटिमीटरवर मामा आणि आणखी दोघं समुद्रात जाणार होती. म्हणून होडीबरोबरच त्याच मिश्रणाचं, तसंच ठिगळ मी एका टाकाऊ फायबरच्या पट्टीवर लावलं होतं. आठवड्याने ती पट्टी दोन दगडांवर ठेवून मामाला मधोमध उभं केलं. मग मामी पण चढली. पट्टी तुटली, पण ठिगळाच्या बाहेर, जुन्या फायबरमध्ये. मामाने ते तुकडे शेजाऱ्यांना नेऊन दाखवले.

याच्यापुढचं काम मात्र मी घेतलं नसतं. इंजिन बसतं ती मागची फळी, आतल्या पट्ट्या, किंवा हातभर भद्द वाजणारं तळ, हे कारागिराचंच काम. दहा ऑगस्ट तर दहा ऑगस्ट.

31 जुलैला तोच कारागीर जाता जाता खोपीत डोकावला. ठिगळावरून अंगठा फिरवला, दोन ठिकाणी ठोकलं आणि म्हणाला, "रंग जुळूक नाय." होडी दहा वर्षं उन्हात पिवळी पडलेली, माझा जेलकोट दुधासारखा पांढरा. पिवळा रंग चिमूट चिमूट घालून जुळवता येतो, पण त्याला आणखी दोन दिवस लागले असते. मामा म्हणाला, "माशांक काय करूचा हा रंगाचा?" आणि त्यावरून एक लाल पट्टा मारून टाकला. दुसऱ्या दिवशी पहाटे होडी पाण्यात गेली.