मक्याच्या मुलखात संधिवाताचा दवाखाना

अमेरिकेतला डॉक्टर म्हटले की आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर न्यूयॉर्क-शिकागोच्या उंच इमारती उभ्या राहतात. माझा दवाखाना मात्र आयोवा राज्यात, वीस हजारांच्या आतल्या वस्तीच्या एका गावात आहे. चहूबाजूंनी मका आणि सोयाबीन, एका टोकाला धान्याच्या उंच कोठ्या, दुसऱ्या टोकाला मांसप्रक्रियेचा कारखाना. मी संधिवाताची डॉक्टर आहे. शस्त्रक्रिया माझ्याकडे होत नाही. सांधे तपासणे, नेमका रोग ओळखणे आणि औषधाने तो आवरणे, एवढेच माझे काम.

येथे येण्याचे कारण एक कायदा. जे-१ व्हिसावर प्रशिक्षण घेतलेल्या परदेशी डॉक्टरला दोन वर्षे मायदेशी परतावे लागते. डॉक्टरांचा तुटवडा असलेल्या भागात तीन वर्षे सेवा केली, तर ही अट माफ होऊ शकते. खासदार केंट कॉनरॅड यांच्या पुढाकाराने १९९४ साली राज्यांना अशी शिफारस करण्याचा अधिकार मिळाला. माझी तीन वर्षे २०११ साली संपली. मोठ्या शहरांतून बोलावणी आली, पण मी राहिले. का राहिले, ते सांगण्यासाठीच हा लेख.

माझे रुग्ण दीड-दोन तास गाडी हाकत येतात. जानेवारीत बर्फाचे वादळ आले की अर्धा दवाखाना रिकामा राहतो. ऑक्टोबरात कापणी सुरू झाली की शेतकरी फिरकतच नाहीत, मग सांधा कितीही सुजलेला असो. आणि आल्यावर "कसे आहात?" असे विचारले की उत्तर ठरलेले: "फार वाईट नाही." येथे दुखण्याचा पाढा वाचणे कमीपणाचे समजतात. म्हणून मी "दुखते का?" असे विचारणे सोडून दिले. "शर्टाची बटणे लावता येतात का? बरणीचे झाकण उघडते का? ट्रॅक्टरवर चढता येते का?" असे विचारते. मग शेतकऱ्याची बायको हळूच सांगते, "सहा महिने झाले, यांची बटणे मीच लावते." नवरा खिडकीबाहेर पाहत राहतो. खरा इतिहास तेथून सुरू होतो.

या रोगावरचा एक मोठा शोध आमच्या शेजारच्याच मिनेसोटा राज्यात लागला. रॉचेस्टरच्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी १९४८ साली आमवाताने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिझोन दिले आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५० साली हेंच, एडवर्ड केंडल आणि तादेउश राइखश्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण हे औषध फार दिवस मोठ्या मात्रेत घेतले तर हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, हेही लवकरच कळले. आज माझा मुख्य आधार मेथोट्रेक्सेट. अमेरिकेत १९८८ साली या रोगासाठी त्याला मान्यता मिळाली. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले तर रक्तपेशी घटून जिवावर बेतू शकते. म्हणून मी रुग्णालाच वार निवडायला सांगते. कोणी चर्चचा रविवार निवडतो. एका आजोबांनी कचऱ्याची गाडी येण्याचा वार निवडला, म्हणाले, "तो वार मी कधीच विसरत नाही." १९९८ नंतर आलेली जैविक औषधे आणखी प्रभावी आहेत, पण फार महाग. त्यांच्या मंजुरीसाठी विमा कंपनीला पत्रे लिहिण्यात माझ्या कित्येक संध्याकाळी जातात.

कारखान्यात मांस कापणारी एक मेक्सिकन बाई माझ्याकडे आली, तेव्हा तिच्या दुखण्याला दोन वर्षे झाली होती. दिवसभर सुरी चालवल्यामुळे हात दुखतात, असे तिला वाटे. दुखणे सांगितले तर काम जाईल आणि कामाबरोबर विमाही जाईल, ही भीती वेगळीच. औषधाने सूज उतरली, रोग थांबला. ती पुन्हा मुलीची वेणी घालू लागली. पण वाकलेली बोटे सरळ झाली नाहीत. औषध रोगाला थांबवते. मोडलेला सांधा परत आणून देत नाही.

तिची बोटे पाहून मला माझी मावशी आठवली. यवतमाळकडे दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचून तिने मुले वाढवली. तिचीही बोटे अशीच एका बाजूला वळलेली. "वाताचं हाय, कष्टाच्या हाताला व्हतंच," असे म्हणून ती बाम चोळी. तिच्या आसपास या रोगाचा डॉक्टरच नव्हता. यवतमाळ आणि आयोवा यांत हजारो मैलांचे अंतर, पण डॉक्टर दूर असला की कष्टकऱ्याच्या हाताची गत तीच होते. शहरात माझ्यासारखे अनेक आहेत. येथे मी गेले, तर या माणसांचा रस्ता आणखी लांबेल.

वाचक भगिनींनो, शेवटी कामाचे सांगते. हा रोग पुरुषांपेक्षा स्त्रियांत दुप्पट-तिप्पट आढळतो आणि ऐन तिशी-चाळिशीतही गाठतो. सकाळी उठल्यावर हाताची बोटे तासाभरापेक्षा जास्त वेळ आखडत असतील, दोन्ही हातांचे लहान सांधे सुजत असतील आणि असे काही आठवडे चालले असेल, तर तो थकवा किंवा वय समजू नका. रक्ताची एक तपासणी चांगली आली, तरी रोग नाही असे ठरत नाही. नाव नसलेल्या पुड्यांनी चटकन आराम पडला, तर त्यात स्टेरॉईड असू शकते, हे ध्यानात ठेवा. जिल्ह्याच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाऊन दाखवा. आणि घरातल्या माणसांनीही "दुखतंय का?" असे विचारून थांबू नये. पीठ मळणे, लुगडे पिळणे जमते का, ते पाहावे. आपल्या बायाही "फार वाईट नाही" असेच म्हणतात.