फेस आणि घागर

धाराशिव जिल्ह्यात समुद्र नाही, हे सांगायला भूगोलाचे पुस्तक उघडावे लागत नाही. येथे पाऊस बेताचा, नद्या बहुतेक काळ कोरड्या, आणि उन्हाळा लागला की गावोगावी टँकरची वाट पाहणे हाच दिनक्रम. तरीही आमच्या धर्मगुरुनिवासाच्या बैठकीच्या खोलीत एक लहानसा समुद्र आहे. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच. पाणी सुमारे दीडशे लिटर. आमचा पुतण्या परदेशी नोकरीस गेला आणि जाताना ही काचेची टाकी आमच्या गळ्यात घालून गेला. "काका, मासे दोनच आहेत, फार त्रास नाही," असे तो म्हणाला होता. मासे खरोखरच दोन आहेत. त्रासाचे मात्र आम्ही मोजमाप सोडले आहे.

टाकीत आहेत दोन नारिंगी पट्टेरी क्लाऊनफिश, शंखात राहणारा एक खेकडा आणि सच्छिद्र कृत्रिम दगडांची रास. खरे प्रवाळ नाही. 2001 पासून दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे कडक संरक्षण आहे आणि ते योग्यच आहे. मालवणच्या समुद्रात किंवा विजयदुर्गच्या पश्चिमेस बुडालेल्या अँग्रिया बँकेवर जे पिढ्यान् पिढ्या वाढले, ते आमच्या बैठकीत मरायला आणण्याचा आम्हांस अधिकार नाही.

या टाकीच्या पाठीला एक उभी पारदर्शक नळी अडकवलेली आहे. तिला प्रोटीन स्किमर म्हणतात. माशांची विष्ठा, उरलेले अन्न, त्यांच्या अंगावरचा बुळबुळीतपणा हे सारे पाण्यात विरघळते, कुजते आणि त्याचा अमोनिया होतो. अमोनिया माशांना विषारी. ही घाण कुजण्याआधीच बाहेर काढणे, एवढेच या नळीचे काम.

तिचे तत्त्व कळायला आम्हांला पुस्तकाची गरज पडली नाही. आमचे बालपण वसईच्या किनाऱ्यावर गेले. पावसाळ्यात अर्नाळ्याच्या वाळूवर लाटांनी आणून टाकलेला पिवळट फेस ढिगांनी पडलेला असे आणि आम्ही मुले त्यातून धावत असू. आई रागावे, "त्यात जाऊ नका, तो समुद्राचा मळ आहे." आई शाळेत फारशी गेली नव्हती, पण तिचे म्हणणे बरोबर होते. पाण्यात विरघळलेल्या मळाच्या पुष्कळशा कणांचे एक टोक पाण्याला धरून असते, तर दुसरे पाण्यापासून दूर पळू पाहते. हवेचा बुडबुडा भेटला की हे कण त्याच्या कडेला चिकटतात आणि बुडबुड्याबरोबर वर येतात. लाट हे काम किनाऱ्यावर करते, स्किमर ते नळीत करतो.

यात खारेपणाचाही वाटा आहे. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवरील बांधावरून पावसाळ्यात नर आणि मादी हे धबधबे कोसळतात, ते पाहायला आम्ही मुलांना घेऊन गेलो होतो. खाली पाणी दुधासारखे पांढरे होते. पण गोड्या पाण्यातले बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि चटकन फुटतात. खाऱ्या पाण्यात ते बारीक राहतात, अधिक वेळ टिकतात आणि अधिक मळ उचलतात. म्हणून हे यंत्र खाऱ्या पाण्यातच खरे कामाचे.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही जुना बिघडलेला स्किमर काढून नवा बसवला. नव्याच्या वरच्या पेल्यात दोन दिवस काहीच जमेना. पेला कोरडा म्हणजे मळ पाण्यातच राहिला, या विचाराने आम्ही अस्वस्थ झालो. पाणी बाहेर सोडणारी झडप थोडी आवळली की नळीतली पातळी चढते आणि फेस पेल्याकडे सरकतो, हे ठाऊक होते. आम्ही ती सकाळी आवळली, दुपारी आवळली, रात्री निजण्यापूर्वी पुन्हा आवळली. त्याच संध्याकाळी शुद्ध पाणी अपुरे पडले म्हणून टँकरचे थोडे पाणी वापरले होते, आणि त्यातला टीसीएल पावडरचा अंश मारण्यासाठी औषधाचे चार थेंब अधिकच टाकले होते. अशा औषधाने स्किमर उसळतो, हे आम्हांला ठाऊक नव्हते.

सकाळी खोलीत पाणीच पाणी. पेला भरून वाहत होता, टाकीची पातळी चार बोटे खाली गेली होती आणि दोन घागरी खारे पाणी फरशीवर पसरले होते.

स्वयंपाकाच्या मावशी फडके घेऊन आल्या. पाणी टिपताना त्या म्हणाल्या, "फादर, हे समुद्राचं पानी हितं कुठून आणता?"

"आणत नाही, मावशी. घरच्या शुद्ध पाण्यात मीठ घालून करतो. लिटरला पस्तीस ग्रॅम."

"मंजी सांडलं ते खारं, पर करायला गोडंच लागलं आसंल की."

त्या एवढेच बोलल्या आणि फडके पिळू लागल्या. त्यांच्या वस्तीत त्या आठवड्यात टँकर एकदाच आला होता. आमच्या शुद्धीकरण यंत्रात तर एक घागर पाणी मिळवताना दोन घागरी मोरीत जात असत. शेजारच्या लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्या वेळी व्यासपीठावरून पाणी जपण्यावर आम्ही किती तळमळीने बोललो होतो! मावशी तेव्हा समोर बसल्या होत्या.

त्या दिवशी आम्ही झडप पूर्ण सैल केली आणि यंत्र नव्याने लावायला घेतले. नळीच्या गळ्याला आतून लागलेला तेलकट थर पुसून काढला, कारण तेलाने फेस मोडतो. हवा ओढणाऱ्या बारीक नळीच्या तोंडाशी साचलेले मीठ कोमट पाण्याने धुतले. फेसाची कड पेल्याच्या बरीच खाली राहील अशी पातळी ठेवली आणि ठरवले की दिवसातून एकदाच, तीही केसभर, झडप फिरवायची. नवे यंत्र रुळायला दिवस लागतात. आतल्या भागांवर कारखान्यातला जो चिकटपणा असतो तो जाईपर्यंत फेस कधी मुळीच धरत नाही, तर कधी अकारण उसळतो. माशांना खाऊ घातल्यावर किंवा पाण्यात हात घातल्यावर फेस काही तास बसतो, तेव्हाही झडपेला हात लावायचा नाही.

दहाव्या दिवशी पेल्यात बिनदुधाच्या कडक चहासारखे पाणी जमले. वास असा की खिडकी उघडावी लागली. आम्हांला मात्र त्या वासाने हायसे वाटले. पेला स्वच्छ दिसत होता तेव्हाच टाकी मळलेली होती. फिकट पाणी भराभर जमू लागले तर पातळी केसभर उतरवावी, कारण त्याबरोबर मीठ आणि पाणी दोन्ही फुकट जातात; पेला कोरडा राहिला तर केसभर चढवावी. एवढीच त्याची युक्ती.

पाण्यात आधीच तयार झालेले नायट्रेट स्किमर काढू शकत नाही. पुढे होणारे तेवढे कमी करतो. तरी पूर्वी आठवड्याला बदलावे लागणारे पंधरा लिटर पाणी आता महिन्याला बदलले तरी चालते. शुद्धीकरण यंत्राचे टाकाऊ पाणी पिंपात साठते. त्यात अंगण आणि संडास धुतले जातात. हिशेबाची वही टाकीशेजारी ठेवली आहे. तीत मावशीच पिंपाच्या घागरी मोजून रेघा ओढतात.

टाकी बंद का करत नाही, असे वाचक विचारतील. क्लाऊनफिश टाकीत दहा-बारा वर्षे सहज जगतो. त्याला समुद्रापासून इतक्या दूर कुणी आणले, हा त्याचा अपराध नव्हे. हे दोघे आहेत तोवर त्यांचे पाणी आम्ही राखू. त्यांच्यानंतर टाकी पुन्हा भरायची नाही, हे ठरले आहे. मावशींना तसे सांगितले, तेव्हा त्या काचेजवळ गेल्या, त्या दोन नारिंगी जिवांकडे क्षणभर पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "जगू द्या की, फादर. त्येंनी काय पानी सांडलंय व्हय?"