तात्यांची लढाई

आमच्या नेसरीत शूर माणसाची व्याख्या कुणाला विचारावी लागत नाही. ती खिंडीत उभीच आहे. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरनौबत प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार बहलोलखानाच्या फौजेवर इथेच तुटून पडले. ज्या गावाने शौर्याचे माप एकदा असे ठरवून टाकले, त्या गावात पुढे जन्माला येणाऱ्यांची मोठी पंचाईत होते.

आमचे तात्या या पंचाइतीत सापडले. तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. गावची पोरे पलटणीत जात. तात्या गेले नौदलात. समुद्र आमच्यापासून आंबोलीचा घाट उतरून पुढे. त्यामुळे 'पाण्यातल्या पलटणीत' धाकटा नेमके काय करतो, हे आजीला शेवटपर्यंत कळले नाही. त्याला पोहता येत नाही, एवढेच तिला ठाऊक होते आणि तेवढे काळजीला पुरेसे होते.

१९७१ चे युद्ध झाले. ४ डिसेंबरला 'विक्रांत'वरून उडालेल्या सी-हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले चढवले. तात्या तेव्हा 'विक्रांत'वर होते! ते रजेवर आले तेव्हा अर्धी नेसरी आमच्या सोप्यात जमली.

"तात्या, किती पाडली?"

"काय पाडली?"

"इमानं वो!"

तात्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "मी खाली बॉयलरपाशी व्हतो," ते म्हणाले. "लई उकडायचं."

सोपा भराभर रिकामा झाला. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो आणि शाळेत त्यांच्या नावावर तीन विमाने आधीच पाडून बसलो होतो. त्या दिवसापासून तात्यांचे नाव 'उकडतंय तात्या' पडले ते पडलेच. खरे सांगायचे तर मीही त्यांच्यावर बरीच वर्षे रुसून होतो. थोडी थाप मारली असती तर काय बिघडले असते?

पुढे मी नोकरीसाठी मुंबईला आलो. 'विक्रांत' ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली आणि तिचे संग्रहालय झाले. २००४ च्या डिसेंबरात तात्या आमच्याकडे आले होते. नौदल सप्ताह होता. मी म्हटले, "चला, तुमची बोट बघून येऊ."

"बोट न्हवं. जहाज," तात्या म्हणाले. एवढ्या ठसक्याने ते प्रथमच बोलले असावेत.

सातशे फूट लांबीचे ते धूड पाहून आमच्या सौभाग्यवतींनी "झाडलोट कोण करत असेल हो?" असा मूलभूत प्रश्न विचारला. आत विमाने मांडली होती. मुले त्यांच्यासमोर उभी राहून फोटो काढून घेत होती. वरच्या डेकवर गेलो. पुढच्या टोकाला विमानांसाठी चढण बांधलेली. तात्या तिच्याकडे नव्या सुनेकडे पाहावे तसे पाहत राहिले. "हे आमच्या वक्ताला न्हवतं," ते म्हणाले.

"मग विमानं उडायची कशी?"

तात्यांनी माझ्याकडे पाहिले. तेहतीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता.

"वाफंवर," ते म्हणाले.

आणि मग तात्या बोलू लागले. जहाजावर बॉयलर चार; त्यातल्या एकाला तडा गेलेला. लढाईला निघाले तेच अधू होऊन. वेग कमी पडत होता. आणि डेकवरचे विमान गोफणीतल्या धोंड्यासारखे पुढे भिरकावून देणारे जे यंत्र होते, तेही याच वाफेवर चालायचे.

"इमान सुटलं की वाफ वढली जायाची. काटा झपकन खाली. आमी म्हणायचो, एक ग्येलं. परत काटा वर आणायचा. आणि खाली आला, की दुसरं ग्येलं."

"आणि परत आलेली?"

तात्या थोडा वेळ गप्प राहिले. "त्ये काट्यावर कळायचं न्हाई. पाळी संपली की वर जाऊन इचारायचं, 'समदी आली का?' आली म्हटलं की च्या प्यायचा. तवर घोट उतरायचा न्हाई."

मी नुसताच समुद्राकडे बघत राहिलो. सौभाग्यवतींनी पिशवीतला थर्मास काढला आणि पहिला कप, मला न देता, तात्यांना दिला.

खाली बॉयलर बघायला जाऊ या का, असे मी विचारले. तात्या म्हणाले, "नगं. लई उकडतंय तितं." आणि स्वतःच हसले.

ते संग्रहालयही टिकले नाही. जहाज धोकादायक झाले म्हणून २०१२ मध्ये ते बंद करण्यात आले. २०१४ मध्ये जहाज भंगारात विकले गेले आणि मुंबईतच मोडले. मी तात्यांना कळवले नाही. त्यांनी पेपरात वाचलेच. त्याच नावाचे नवे जहाज २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात आले खरे, पण नातवाला आजोबाचे नाव ठेवले म्हणून आजोबा परत येत नाहीत.

जुनी 'विक्रांत' मात्र एका परीने नेसरीला आली. तिचे थोडे पोलाद बजाजने विकत घेतले, वितळवले आणि २०१६ मध्ये काढलेल्या आपल्या मोटारसायकलच्या टाकीत घातले. तात्यांच्या नातवाने हट्टाने तीच गाडी घेतली. दारात तिची पूजा झाली, नारळ फुटला. तात्यांनी टाकीवरून हात फिरवला.

"तुमच्या बॉयलरचा पत्रा असेल का हो?" मी विचारले.

"गार हाय," तात्या म्हणाले. "आमचा न्हवं."

पण अलीकडे मी गावी गेलो की एक गंमत बघतो. पोरगा सकाळी गाडी काढतो आणि खिंडीच्या रस्त्याने गडहिंग्लजला कामाला जातो. संध्याकाळी तात्या सोप्यात बसून असतात. सूनबाई चहा आणून ठेवते. तात्या बशीला हात लावत नाहीत. आधी आत वळून विचारतात,

"आला का गं त्यो?"